आमच्या बाई

१० ऑगस्ट, रविवार

निरुपमाचा फोन आला. पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी आहे, तर आमच्या कॉन्व्हेंटातल्या पाच जणी माझ्याकडे वाशीमला येणार. निरू, फिलोमिना आणि आणखी तिघी. अमरावतीचं ते वसतिगृह सोडलं त्याला किती वर्षं झाली, तरी निरूचा आवाज ऐकला की मला शनिवारी संध्याकाळी कॅनव्हासच्या बुटांना लावायच्या ओल्या खडूचा वास येतो. सगळ्या जणी ओळीने पायऱ्यांवर बसायचो, बूट वाळत ठेवायचो आणि सिस्टर बर्नाडेट खिडकीतून ओरडायच्या, इंग्रजीत बोला, इंग्रजीत!

"तुझ्या वाशीमला पाहण्यासारखं आहे तरी काय?" निरूने विचारलं. मला राग यायला हवा होता. त्याऐवजी मी घाईघाईने म्हणाले, "अगं, पांढरझरा आहे ना! मेडशीच्या पुढे, डोंगरात. पावसाळ्यापुरता धबधबा असतो, पण इतका सुंदर!" हे होते तेव्हा एकदाच गेलो होतो तिथे. तरी मी अशी बोलले, जणू दर रविवारी जाते.

फोन ठेवून स्वयंपाकघरात गेले आणि बाईंना बातमी दिली. बाई म्हणजे सोजरबाई, माझ्या मोठ्या जाऊबाई. आमच्या सासरी थोरल्या जावेला 'बाई'च म्हणायची रीत आहे. लग्न होऊन इंझोरीला गेले, त्या दिवशी सासूबाईंनी पहिला शिकवलेला शब्द तो. मार्चमध्ये मी अंगणात पडले, मनगट मोडलं, मुलगी तिकडे कॅनडात. कुणी न बोलावता बाई पिशवी घेऊन एसटीने आल्या आणि राहिल्या. मनगट केव्हाच जुळलं, पण मीच त्यांना जाऊ देत नाही. हे गेल्यापासून घर खायला उठायचं. आता पहाटे स्वयंपाकघरात कुणीतरी खोकतं, आल्याच्या चहाचा वास येतो आणि मी पांघरुणातच पडून राहते. काय सुख आहे ते! बाई ऐकतच नाहीत, धुणं-भांडी सगळं स्वतःकडे ओढून घेतात. एका मोरीत दोघी कशाला, म्हणून कामाच्या रुखमाबाईला मी एप्रिलपासून येऊ नको म्हणून सांगितलं.

"बाई, धबधबा पाहायला जायचंय. तुम्हीही यायचं."

"त्यात काय पाहाचं? पाणी वरून खालतं पडते. खालून वरतं गेलं असतं तं म्या धावत आली असती."

"तुमच्या हातचे रोडगे करू तिथे. गोवऱ्यांवर भाजून, सोबत वांग्याची भाजी, वरण."

"हां, मंग असं म्हणा ना!" बाई हसल्या. "रोडग्यापाई नेऊन राह्यल्या मले."

१३ ऑगस्ट, बुधवार

घर आवरून कंबर मोडली. पडदे बदलले. ह्यांचा फोटो पुसला. काचेचे पेले काढले.

बाईंना माझी फिक्या जांभळ्या रंगाची पाचवारी देऊन पाहिली. त्या म्हणाल्या, "पाचवारीत मले उघड्यावानी वाटते. माहं लुगडंच बरं." मी आग्रह केला नाही. मग त्यांनीच विचारलं, "तुमच्या मैत्रिणी इंग्रजी बोलतीन. म्या काय कराव?"

"नुसतं हसायचं."

"सामनेचे दोन दात नाईत."

"मग तोंड मिटून हसायचं!" आम्ही दोघी इतक्या हसलो की त्यांच्या हातातली लसूण सांडली.

त्याच हसण्यात मी हेही सांगून टाकलं की, बाई, जरा हळू बोलायचं हं, शेतातून हाक मारल्यासारखं नको. "बरं," म्हणाल्या. संध्याकाळी फारशा बोलल्या नाहीत. दिवसभर माळे झाडून दमल्या असतील.

शाळेत मराठी बोललं की गळ्यात लाकडी पाटी अडकवायचे. ती संध्याकाळपर्यंत वागवायची. पहिल्या वर्षी ती सगळ्यांत जास्त वेळा माझ्याच गळ्यात असायची. जेवणाच्या घंटेला निरू ती काढून स्वतःच्या गळ्यात घालायची, म्हणायची, मला शोभते. आज ते आठवून डोळे भरून आले. ती माझ्या घरी येणार.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

आल्या! दारातच मिठ्या, रडणं, हसणं. निरूचे केस पांढरे झालेत आणि तिने ते तसेच ठेवलेत. फिलोमिना जाड झाली आहे, पण गाते अजून तशीच.

एक गोष्ट लिहून ठेवायची आहे, नाहीतर झोप लागणार नाही.

सगळ्या जणी दिवाणखान्यात टेकल्या तेव्हा बाई पाण्याचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. निरूने विचारलं, "ह्या कोण गं?"

मी म्हणाले, "ह्या आमच्या बाई."

जे छत्तीस वर्षं म्हणत आले तेच म्हणाले. देवाशपथ, दुसरं काही मनात नव्हतं. पण निरू गोड हसली, रिकामा पेला ट्रेमध्ये ठेवला आणि म्हणाली, "मावशी, माझ्या चहात साखर कमी हं." आणि फिलोमिना म्हणाली, "ज्यो, भाग्यवान आहेस! चोवीस तास राहणारी बाई! नागपुरात दिवा घेऊन शोधली तरी मिळत नाही."

मी तोंड उघडलंही होतं. पण निरूने तेवढ्यात सिस्टर बर्नाडेटची नक्कल सुरू केली, सगळ्या हसायला लागल्या, आणि मग बोलायची वेळ निघून गेली. नंतर सांगितलं असतं तर निरूला किती ओशाळल्यासारखं झालं असतं! पाहुणीला असं अवघडून टाकायचं का? तिच्यासाठीच गप्प बसले मी. आणि बाई तोवर आत गेल्या होत्या. त्यांना ऐकू थोडं कमीच येतं हल्ली.

जेवताना मी एकदा म्हणाले, "तुम्हीही बसा ना." बाई म्हणाल्या, "तुमी जेवा. मी मांगून बसतो." इतकं हळू म्हणाल्या की मला बरं वाटलं. सांगितलेलं लक्षात ठेवलं त्यांनी.

१६ ऑगस्ट, शनिवार. मेडशी, चहाचं हॉटेल

चहा येईपर्यंत चार ओळी. निरू चिडवतेय, "ही अजून दैनंदिनी लिहिते! सिस्टर पाहतील!"

किती वर्षांत असा दिवस गेला नव्हता. पांढरझरा भरून पडत होता. सकाळी आम्ही सहा जणी निरूच्या मोठ्या गाडीतून गेलो. मागून आमच्या गल्लीतले रज्जाकभाई त्यांच्या बोलेरोत भांडी, गोवऱ्या, सतरंज्या आणि बाईंना घेऊन आले. बाईंनी खाली गाड्यांच्या जवळ सपाटीवर चूल मांडली आणि आम्ही वर धारेखाली गेलो. साड्या खोचून पाण्यात उभ्या राहिलो! फिलोमिनाने शाळेची प्रार्थना म्हटली, पाण्याच्या आवाजात कुणालाच ऐकू आली नाही, तरी सगळ्या रडलो. बाईंचा मोबाईल पाण्यात पडू नये म्हणून मी सकाळीच माझ्या पर्समध्ये ठेवला होता, नाहीतर भिजलाच असता. रोडगे असे झाले की निरूने चार खाल्ले. शेजारी कारंज्याचं एक मुसलमान कुटुंब सहलीला आलं होतं, बाई त्यांनाही ताट भरून देऊन आल्या आणि बराच वेळ त्यांच्या बायकांशी खिदळत बसल्या.

निघताना गाडी वळणावर आली, मी मागे पाहिलं तर धारेजवळच्या खडकावर कुणी बाई उभी राहून दोन्ही हात हलवत होती. माझा चष्मा तुषारांनी धुरकटला होता, नीट दिसलं नाही. कोण कुठली! खेड्यातल्या माणसांना अनोळखी माणसांचंही किती प्रेम. आम्ही सगळ्यांनी काचा खाली करून हात हलवले.

चहा आला. इथून निरू बाकीच्यांना अकोल्याला रेल्वेवर सोडेल. रज्जाकभाई आमच्याबरोबरच निघाले, वाटेत डिझेल भरून मागून येताहेत. मी त्यांच्या गाडीतून बाईंबरोबर घरी.

१७ ऑगस्ट, रविवार

वरचा मजकूर वाचवत नाही. पान फाडणार होते. फाडलं नाही.

निरूची गाडी अकोल्याकडे वळली. मी तिथेच उभी राहून हात हलवत होते. रज्जाकभाईंची बोलेरो आली, मी मागचं दार उघडलं. पातेली होती, सतरंज्या होत्या. बाई नव्हत्या.

रज्जाकभाई माझ्यामागे पाहत म्हणाले, "बड्या भाभी कुठी हायेत?"

"तुमच्या गाडीत ना?"

"नाई भाभी. मले वाटलं, येतानी जागा नोती, आता दाटीवाटीनं तरी जाऊबाईले तुमी जवळ बसवलं असन."

ते गल्लीतले, त्यांना माहीत आहे बाई कोण आहेत. म्हणून त्यांना वाटलं, त्या माझ्याजवळ असतील. आणि मला वाटलं, त्या भांड्यांबरोबर असतील.

परत जाताना सगळं आठवलं. आम्ही निघण्याआधी फोटो काढत होतो. बाई भांडी घासून, गाडीत भरून मागून आल्या होत्या आणि माझ्या खांद्याशी म्हणाल्या होत्या, "मी जरा पाणी पाहून येतो." सकाळपासून त्या चुलीपाशीच होत्या. धबधबा त्यांनी पाहिलाच नव्हता. मी फोटोसाठी हसत होते, तसंच हसत म्हणाले, "हो हो." निरूने गाडीत बसताना मोजलं होतं, "सहाच्या सहा आहोत ना?" आणि मीही म्हणाले होते, सहा.

वळणावर पोचलो तेव्हा मी रज्जाकभाईंना गाडी थांबवायला लावली. तिथून तो खडक समोर दिसतो. चष्मा पुसलेला होता आता. खडक रिकामा होता.

आम्ही सगळ्या जणींनी काचा खाली करून हात हलवले होते.

सपाटीवर कुणी नव्हतं. कारंज्याच्या मंडळींची गाडीही नव्हती. चुलीची राख, त्यावर शिंपडलेलं पाणी. मी हाका मारत वर धारेपर्यंत गेले, चपला घसरत होत्या, रज्जाकभाई डोहाच्या काठाने पाण्यात पाहत चालले होते आणि मला पाहू नका म्हणून हात करत होते. मी "बाई! बाई!" ओरडत होते. खाली सोयाबीनच्या शेतातून घरी निघालेल्या दोघी बायकांनी वर पाहिलं, त्यांना वाटलं मी त्यांनाच हाक मारतेय.

तेवढ्यात पर्समध्ये फोन वाजला. माझा नाही, बाईंचा. विकास, त्यांचा मुलगा, इंझोरीहून.

"काकू? आईले द्या ना जरा."

मी म्हणाले, "त्या हात धुताहेत रे. मग लावते."

असं म्हणाले मी. डोहाच्या काठावर उभी राहून.

रज्जाकभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग गाडीकडे वळले. आम्ही रस्त्याने प्रत्येक फाट्यावर विचारत मालेगावपर्यंत आलो. पोलिसांत जायचं ठरवलं आणि तेवढ्यात पुन्हा तोच फोन वाजला, पुन्हा विकास. या वेळी त्याचा आवाज वेगळा होता.

"काकू, आई तं घरी आली. कारंज्याचे हसनैनभाई सोडून गेले गाडीनं. तुमी तं म्हणे हात धूऊन राह्यली?"

मी मालेगावच्या रस्त्यावर फोन बंद केला. मग रडले. सुटकेनेच रडले, असं तेव्हा वाटलं होतं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

ग्रुपवर फोटो आलेत. निरूने खाली लिहिलंय, "जन्मात न विसरण्यासारखा दिवस." सगळ्यांनी बदाम टाकलेत. मीही टाकला.

मग निरूने मला वेगळा निरोप पाठवला. तिच्या मुलीचं बाळंतपण पुढच्या महिन्यात आहे. "तुझ्या बाई दोन महिने देशील का? काय हात आहे त्यांच्या स्वयंपाकाला! आणि बोलतात किती कमी. तुझी अडचण होत असेल तर नको."

मी उत्तर दिलं, "विचारते."

विचारते! दुसरं काही लिहिताच आलं नाही. तीनदा लिहिलं, 'अगं, त्या माझ्या जाऊबाई', आणि तीनदा पुसलं. आता सांगितलं तर ती विचारेल, तेव्हा का नाही सांगितलंस. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. उत्तर आहे, पण ते निरूला सांगण्यासारखं नाही. शाळेतली ती पाटी गळ्यात घालून तिने मला वाचवलं होतं. माझ्या सासरी सगळ्यांच्याच गळ्यात ती पाटी आहे हे तिला दिसू नये, एवढंच मला वाटत होतं.

विकासकडे बाईंशी बोलायला मागितलं. "पोळ्यानंतर बोलतो म्हणते," असं सांगून त्याने फोन ठेवला. नीट बोलला, पण काकू म्हणाला नाही.

ओट्यावर बाईंची तंबाखूची डबी राहिली आहे. मी ती उचलून आत ठेवली, मग परत होती तिथे आणून ठेवली.

पहाटे चहाचा वास येत नाही. आज मी माझा केला. आठ वाजून गेले होते.

२४ ऑगस्ट, रविवार. इंझोरी

पोळा झाला. न सांगता निघाले. कारंज्याला उतरून मानोऱ्याची एसटी धरली. घराच्या भिंतीवर बैलांच्या हळदीचे पंजे ताजे होते.

बाईंनी मला ओसरीवर पाहिलं आणि म्हणाल्या, "या. ऊन लय लागलं असन. दुर्गे, पाणी आण काकूले."

मला वाटलं होतं, त्यांनी घरात सगळं सांगितलं असेल. काहीच सांगितलेलं नव्हतं. विकासने विषय काढला, "काकू, त्या दिवशी आई दोन घंट्यात घरी कशी आली वं? तुमी म्हणे हात धूऊन राह्यली." बाईच म्हणाल्या, "धूतच होती ना मी हात. मंग त्या कारंज्याच्या जुबेदाबाई म्हणल्या, चला, गाडी तिकडंच चालली. मले पोळ्याचं काम आठोलं. आली."

दुर्गा, विकासची बायको, माझ्याजवळ येऊन बसली. "काकू, फोटो दाखवा ना धबधब्याचे!" मी फोन काढला. दाखवत गेले. निरू, फिलोमिना, मी, पाणी. पुन्हा आम्ही. रोडग्यांच्या ताटांचाही फोटो होता.

"आई कुठी हाय?"

"अवं, म्याच तं काढून राह्यली होती फोटो!" बाई चुलीपासून म्हणाल्या.

"तुमी? तुमाले फोन उचलता येत नाई, तुमी फोटो काढले?" सगळे हसले. बाईही हसल्या, तोंड मिटून.

माझ्या कानशिलांना चटका बसला. आज मी दुसऱ्यांदा बचावले होते, आणि दोन्ही वेळा मला वाचवणाऱ्या बाईच होत्या.

दुपारी सगळे शेतात गेले. बाई मागच्या पडवीत मुगाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मीही बसले. सोलायला लागले.

"बाई, चला ना वाशीमला."

"नाई येत."

"माझ्यावर रागावलात."

"राग कायचा? गाडी सुटते माणसाची. मांगं आमच्या वऱ्हाडात नवरदेवाचा मामाच राह्यला होता." त्यांनी शेंग टाकून दुसरी घेतली. "राग नाई आला. लाज वाटली."

"कळतं मला. त्या सगळ्यांसमोर तुम्हाला..."

"माही नाई. तुमची."

त्यांचे हात थांबले नव्हते.

"त्या बाईनं माह्या ट्रेत पेला ठेवला अन मावशी म्हटलं, तवाच मले समजलं. बहिरी नाई मी. म्हटलं, आता ज्योत्स्ना सांगन. दारामांगं उभी राह्यली आयकत. तुमी नाई सांगतलं. म्हटलं, तिले सांगता येऊन नाई राह्यलं, तं आपणच मोलकरीण होऊन जाऊ दोन दिवस. काय लागते त्याले? भांडे तं जलमभर घासले. तुमच्या मैत्रिणी गेल्या की संपलं."

"मग तुम्ही माझ्याकडे का नाही आलात? कारंज्याला का..."

"हसनैनभाई सोडून देत होते ना मालेगावले. वाशीमची एसटी भेटली असती." बाईंनी सुपातले मूग पाखडले. "पण गाडीत जुबेदाबाईनं इचारलं, 'आपा, तुमाले सोडून गेल्या त्या कोण होत्या?' मी म्हटलं, कोणी नाई. शेठाणी होती. त्यायच्या घरी काम करतो. ज्योत्स्नाबाई, माह्या तोंडातून निंघालंच नाई का ते माही धाकटी जाऊ हाय म्हून. लाज वाटली मले, का माही जाऊ अशी हाय. मंग म्हटलं, आता त्या घरी काहून जाव?"

इतके दिवस मला वाटत होतं, मी त्यांना लपवलं. त्यांनीही मला लपवलं होतं, आणि त्यांच्याकडे कारण होतं.

मी फोन काढला आणि निरूला लावला. आवाज मोठा करून बाजेवर ठेवला. हात सालांनी माखले होते म्हणून ठेवला, दुसरं काही नाही.

"ज्यो! विचारलंस का गं बाईंना? येतात का?"

"निरू, त्या कामाच्या बाई नाहीत. माझ्या मोठ्या जाऊबाई आहेत. आमच्याकडे थोरल्या जावेला बाई म्हणतात."

तिकडे टीव्हीचा आवाज चालू होता, तो बंद झाला.

"काय सांगतेस?"

"खरं सांगतेय. तुम्ही त्यांना मावशी म्हणालात तेव्हा मी बोलले नाही. आणि त्या दिवशी आपण त्यांना पांढरझऱ्यावर विसरून आलो. वळणावर हात हलवणारी बाई, त्या होत्या त्या."

"अगं..." आणि मग निरूचा आवाज चढला. इतक्या वर्षांत मी तिला ओरडताना ऐकलं नव्हतं. "थोरल्या जावेला आमची उष्टी ताटं उचलू दिलीस तू? आणि मला सांगितलं नाहीस? मी त्यांना साखर कमी घाला म्हणाले! बाळंतपणाला मागितलं मी त्यांना, गाय मागावी तसं! मला काय करून ठेवलंस, ज्यो? का गं? आम्ही काय केलं असतं त्या कोण आहेत ते कळल्यावर? खाऊन टाकलं असतं?"

त्यांनी काहीच केलं नसतं. निरू उठून पाया पडली असती बाईंच्या. फिलोमिनाने त्यांच्याकडून रोडगे शिकायला चुलीपाशी बसकण मारली असती. मला ते आत्ता, मुगाच्या सालांत बसून दिसत होतं. ज्यांच्यासमोर मला लाज वाटत होती, त्यांच्या मनात ती लाज नव्हतीच. ती मी घरून नेली होती.

निरू रडत होती, "बोल ना, बोल ना," म्हणत होती.

बाईंनी हात पदराला पुसले, फोनकडे सरकल्या आणि त्यावर वाकून म्हणाल्या, "ओ बाई. आयका. रागावू नका तिले. लहान हाय ते."

तिकडून निरू म्हणाली, "बाई, मला माफ करा."

"तुमचं काय हाय त्यात? तुमाले सांगतलंच नाई तं तुमी काय कराव. पोरीचं बाळंतपण सुखाचं होवो. डिंकाचे लाडू पाठवतो मी, पत्ता सांगजा. आता ठेवतो."

त्यांना फोन बंद करता आला नाही. मी केला.

मी बासष्ट वर्षांची आहे. छत्तीस वर्षं बाई मला 'तुमी' म्हणत आल्या. शिकलेली, शहरातली म्हणून. आज त्यांनी कुणाजवळ तरी मला लहान म्हटलं.

सालं गोळा करता करता विचारलं, "आता येता घरी?"

"नाई." त्यांनी सूप उचललं. "तिथं मी येत नाई आता. तुले वाटलं तं तू येत जाय."

मी पुन्हा विचारलं नाही. संध्याकाळची कारंज्याची गाडी गेल्याचा आवाज आला. मी पडवीतच होते.

२५ ऑगस्ट, सोमवार. इंझोरी

पहाटे कुणीतरी पांघरूण ओढलं.

"ज्योत्स्ना, ऊठ वं. नळ आला. दोन घागरी आणजो, तुले झेपतीन तेवढ्याच."

उठले. तोंडावर पाणी मारलं, पदर खोचला. गल्लीच्या तोंडाशी बायकांची रांग लागली होती. माझा नंबर बाईंच्या मागे होता.